इंजिन धुतलं तो हिवाळा

दादा,

आज तुम्हाला गाडीचं इंजिन धुण्याबद्दल लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि लिहायला घेतलं तर विषय हा. झालं असं, की परवा माझ्या जावयाची, म्हणजे तुमच्या नातजावयाची, गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. गॅरेजवाल्याचा फोन आला की इंजिनात गाळ धरलाय, धुऊन काढायचा का? जावई बंगाली आहे आणि स्वभावानं थट्टेखोर. फोन हातात धरून त्यानं मलाच विचारलं, "मा, की बोली?" म्हणजे काय सांगू. मी म्हटलं, "आधी विचार, गाळ किती जुना आहे." तो चकित होऊन माझ्याकडे बघतच राहिला. न्यू टाउनच्या अकराव्या मजल्यावर, दिवसभर खिडकीशी बसणाऱ्या म्हातारीकडून त्याला ही अपेक्षा नव्हती. मग तो आणि मुलगी कामाला गेली आणि मी एकटीच बसून हसले. त्या हसण्यातच तुम्ही आलात, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हात काळे.

फाळणी होऊन तीन-चार वर्षं झाली होती. तुम्ही कस्टममध्ये अप्रेझर, म्हणजे खिदिरपूरच्या गोदीत उतरलेला माल पाहून त्याची प्रत आणि किंमत ठरवणारे. मुंबईहून बदली होऊन आपण इथे आलो तेव्हा मी शाळेत होते. आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. तुमचा जुना इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला आणि जाताना त्यानं आपली गाडी तुम्हाला दिली. युद्धाची सगळी वर्षं ती अलिपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. चार हमालांनी ढकलत ढकलत ती आपल्या भवानीपूरच्या भाड्याच्या घराच्या अंगणात आणली. आई दारात उभी होती. "अहो, ही चालत नाही वाटतं?" तिनं विचारलं. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, "चालेल." पुढच्या रविवारी तुम्ही हँडल मारून ती सुरू केलीत तेव्हा इतका निळा धूर निघाला की वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी खिडक्या धडाधड लावून घेतल्या. दोन मिनिटांत तुम्ही ती बंद केलीत. थंड झाल्यावर इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण काढलंत, आणि आत जे दिसलं ते मी अजून विसरले नाही. करपलेल्या गुळाच्या पाकात काजळ कालवावं, तसला काळा, जाड, चिकट लगदा. स्प्रिंगा त्यात अर्ध्या बुडालेल्या. तुम्ही तो चिमटीत घेऊन चोळलात, वास घेतलात आणि म्हणालात, "यात पाणीपण शिरलंय. तेल कित्येक वर्षं बदललेलं नाही." मला तेव्हा तुमचं ते चोळणं, हुंगणं म्हणजे गोदीतली सवय वाटली. माल तपासणाऱ्याचा हात, एवढंच.

खिदिरपूरच्या तुमच्या ओळखीचे म्हातारे मिस्त्री गाडी बघायला आले. पांढरी दाढी, चेहरा शांत, आणि इंजिनाशी बोलावं तसं त्याच्यावर टकटक करायची लकब. त्यांनी सांगितलं, "साहब, चेंबर खोलना पड़ेगा. हाथ से साफ़ करेंगे." चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं तेलाचं पात्र. ते उतरवायचं म्हणजे गाडी वर उचलायची, खाली आडवं व्हायचं, दोन-तीन दिवस मोडायचे. मला ते नको होतं. सरस्वतीपूजा आठवड्यावर आली होती आणि कॉलेजच्या पूजेला मी गाडीनं येणार असं मैत्रिणींना सांगून बसले होते. म्हणून मी माझी विद्या पाजळली. जुनं तेल काढून टाकायचं, अगदी पातळ तेल भरायचं, इंजिन दहा मिनिटं हळू चालवायचं, मळ विरघळून सुटेल, की सगळं ओतून द्यायचं. एका दिवसाचं काम. मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटी, पुराना मैल है. एक साथ छूटेगा तो जाली में जाकर बैठेगा. फिर तेल ऊपर नहीं चढ़ेगा." इंजिनातला मळ तुम्ही पुन्हा एकदा चिमटीत चोळून पाहिलात. शेवटी म्हणालात, "करून बघू. पण सावकाश." आता वाटतं, मुलीनं पहिल्यांदा काही शिकलेलं सांगितलं, ते तुम्हाला मोडवेना.

रविवार सकाळ. अंगणात कोवळं ऊन आलं आहे, आई आत पोहे परतते आहे. बजबजच्या तेलाच्या डेपोतून तुमच्या कुणा ओळखीच्यानं पाठवलेलं पातळ तेल तुम्ही कापडातून गाळून ओतता. मला स्टिअरिंगसमोर बसवता. समोर काचेखाली तीन तबकड्या आहेत, त्यातल्या तेलाच्या दाबाच्या तबकडीवर मिस्त्रींनी लाल रंगाचा एक ठिपका लावून दिला आहे. सुई त्या ठिपक्याच्या खाली गेली की इंजिन ताबडतोब बंद. तुम्ही स्वतः बॉनेटजवळ उभे, लांब लाकडी दांडीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून. इंजिन सुरू होतं. "सुई कुठं आहे?" तुम्ही ओरडून विचारता. "ठिपक्याच्या वर." पुन्हा थोड्या वेळानं, "सुई?" "वर." सहा मिनिटं होतात, सात होतात. आणि सुई हलते. आधी थरथरते, मग हळूच ठिपक्यावर येते, मग ठिपक्याखाली. मी घड्याळाकडे बघते. तीनच मिनिटं राहिली आहेत. "सुई?" तुम्ही विचारता. आणि मी म्हणते, "वर आहे, दादा."

का म्हणाले? थापा मारायची मला सवय नव्हती. वाटलं, चढेल पुन्हा. वाटलं, आता बंद केलं तर मिस्त्री खरे ठरतील, चेंबर उघडावा लागेल, पूजा निघून जाईल. अर्धं मिनिट गेलं असेल. तुम्ही दांडी टाकलीत आणि किंचाळलात, "बंद कर! बंद कर!" मी बंद केलं. तोवर मलाही ऐकू आलं होतं, इंजिनाच्या पोटातून येणारी ती बारीक ठकठक.

तुम्ही माझ्या बाजूला आलात, दार उघडलंत. तुमचा आवाज चढलेला नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. "तुला विचारलं सुई कुठं आहे," तुम्ही म्हणालात. "ती कुठं असायला हवी, हे कुणी विचारलं होतं?" मी मान खाली घातली. "मी तिकडून विचारतोय ते तुझ्या डोळ्यांवर विसंबून. तू खोटं सांगितलंस तर मी कशावर विसंबायचं?" आणि मग, मला दाखवायला, तुम्ही हात आत घालून काचेवर बोट ठेवलंत. "ही सुई इथून खाली येत होती, तेव्हा तू काय बघत होतीस?"

दादा, तुमचं बोट तेलाच्या तबकडीवर नव्हतंच. शेजारच्या, बॅटरीच्या तबकडीवर होतं. लाल ठिपका तुमच्या बोटापासून चार अंगुळं दूर होता. तुमचा चेहरा काचेपासून वीतभर अंतरावर, भर सकाळचं ऊन, आणि तुम्हाला तो दिसत नव्हता. तुम्ही बोट काढून घेतलंत आणि म्हणालात, "मिस्त्रींना निरोप धाडतो."

दुसऱ्या दिवशी चेंबर उतरला. मिस्त्रींनी तेल खेचणारी जाळी काढून माझ्या पुढ्यात धरली. तिच्यावर मळाची खपली इतकी घट्ट बसली होती की जाळी म्हणून ओळखूही येईना. बेअरिंगवर नख फिरवत ते म्हणाले, "बच गया. साहब का कान अच्छा है. एक मिनट और चलता तो गया था." "मी आधीच सांगितलं होतं" असं काहीही त्यांनी तोंडातून काढलं नाही. उलट बांबूची एक कामटी तासून माझ्या हातात दिली. लोखंडानं खरवडायचं नाही, ओरखडे पडतात. चिंध्या वापरायच्या नाहीत, धागे सुटून पुन्हा जाळीत अडकतात. रॉकेलमध्ये भिजवायचं, कामटीनं हळू सोडवायचं, मऊ सुती कापडानं पुसायचं. धुवायला पसरट काहीतरी हवं होतं म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन पितळेची परात उचलून आणलीत. आई पाठोपाठ बाहेर आली. "अहो, ती माझी कणकेची परात आहे!" तुम्ही म्हणालात, "होती." आई पाच मिनिटं तणतणली, आत गेली, आणि येताना धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं आपलं जुनं लुगडं घेऊन आली. "याचे धागे सुटायचे नाहीत," म्हणाली आणि आत निघून गेली.

चार दिवस कॉलेज सुटलं की मी परातीपुढे बसत होते. तुम्ही ऑफिसातून आलात की कोट खुंटीला लावून माझ्यासमोर पाटावर बसायचात. मी साफ केलेला भाग तुम्ही बोटांनी तपासायचात. डोळे मिटून अंगठा फिरवायचात आणि म्हणायचात, "इथं कोपऱ्यात राहिलंय." तिथे राहिलेलं असायचंच. आता मला कळत होतं तुम्ही डोळे का मिटता ते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोरीत बेसन आणि लिंबानं हात घासत होते, आई शेजारी भाजी चिरत होती. मी हळूच म्हटलं, "आई, दादांना..." तिनं विळीवरून मान वर केली नाही. "मला दिवाळीपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "कोटाचं बटण तुटलं होतं. काळा दोरा संपलेला, म्हणून निळ्यानं लावलं. एरवी दारातून परत आले असते. महिनाभर तसाच घालून गेले. पेपर उघडून बसतात, पण पान उलटत नाहीत." मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "ते सांगतील. त्यांना सांगायचं असेल तेव्हा सांगतील. तू विचारू नकोस." मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाली, "तुझी नखं आठवडाभर निघायची नाहीत आता."

निघाली नाहीतच. सरस्वतीपूजेला मी पिवळी साडी नेसून ट्रामनं कॉलेजात गेले. मैत्रिणींनी गराडा घातला, "की रे, तोर गाडी कोथाय?" म्हणजे कुठाय तुझी गाडी. मी काळी नखं पुढे केली आणि सांगितलं, गाडीची अंघोळ चाललीय. पुष्पांजली वाहताना पुरोहितांनीही माझ्या बोटांकडे एकदा निरखून बघितलं. मला वाटलं होतं फार लाज वाटेल. तसं काही झालं नाही. उलट दिवसभर मी त्या नखांकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

चेंबर परत चढवला, नवं तेल भरलं. मिस्त्रींनी सांगितलं, हे थोडंच चालवून काढून टाका, मग पुन्हा भरा, मग पुन्हा, म्हणजे राहिलेला मळ हळूहळू येईल. त्या वेळी मी समोर बसून सुई जिथे होती तिथेच सांगितली. एकदा तर नुसतं "थोडी हलली" एवढंही ओरडून सांगितलं, तेव्हा तुम्ही मिशीत हसलात. तिसऱ्यांदा काढलेलं तेल परातीत मधासारखं दिसलं. इंजिनाचा आवाज असा लागला की घरमालकीणबाई आपणहून खिडकीत आल्या. मला वाटलं, आता तुम्ही स्टिअरिंगवर बसाल. तुम्ही मात्र डाव्या बाजूचं दार उघडून आत बसलात आणि म्हणालात, "चल. मी चालवणार नाही. तू शीक."

आईचा विरोध दोन दिवस टिकला. "मुलीच्या हातात मोटार? आपल्या मराठी घरांत काय बोलतील?" तुम्ही म्हणालात, "बोलतील तेव्हा त्यांना एक चक्कर मारून आणू." रोज पहाटे आपण मैदानावर जायचो. धुक्यात मेंढ्या चरत असायच्या. मिस्त्री मागच्या सीटवर बसून मला क्लच शिकवायचे आणि तुम्ही शेजारी बसून नुसतं ऐकायचात. मी गिअर चुकीचा टाकला की तुमच्या तोंडून "च्च" यायचं, मला कळायच्याही आधी. मग एक दिवस मिस्त्री आले नाहीत, त्यांना काम होतं. आपण दोघंच होतो. एका झाडाखाली तुम्ही गाडी थांबवायला सांगितलीत.

"परवा ऑफिसात साहेबांना सांगून आलो," तुम्ही म्हणालात. "मला माल दिसत नाही म्हणून."

मी इंजिन बंद केलं.

"रोज वीस-पंचवीस सह्या करतो. हाताखालचा माणूस कागद वाचून दाखवतो, मी मालाला हात लावतो, वास घेतो. बहुतेक वेळा बरोबरच निघतं. पण सहीच्या वर छापलेलं असतं, माल पाहिला म्हणून. आणि मी तो पाहिलेला नसतो."

"दादा, कधीपासून?"

"वर्ष झालं. वाटलं होतं, पेन्शनीपर्यंत निभावून नेईन. पण तुला त्या दिवशी सुईवरून बोललो ना, त्यानंतर सही करताना हात अडायला लागला." तुम्ही चष्मा काढून उपरण्यानं पुसलात. खरं तर पुसण्याचा काही उपयोग नव्हता. "तुला मात्र माहीत होतं. त्या दिवशीच कळलं तुला. मी बोट कुठं ठेवलं होतं?"

"बॅटरीच्या तबकडीवर," मी म्हटलं.

तुम्ही इतके मोठ्यानं हसलात की जवळची मेंढरं बिचकली. वर्षभरात तुम्ही तसे हसला नव्हतात. मला रडू येत होतं आणि तुम्ही हसत होतात, म्हणून मीही हसले.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागची नस वाळत चालली आहे, औषध नाही, पण कडेकडेचं थोडं दिसत राहील. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. आम्हाला वाटलं होतं नोकरी जाईल. तुमचे नवे साहेब बंगाली आणि मोठ्या मनाचे. त्यांनी तुमच्याकडून सह्यांचं काम काढून घेतलं आणि नव्यानं लागलेल्या माणसांना शिकवायला बसवलं. लवंग चांगली की तेल काढून घेतलेली, कापड कुठल्या गिरणीच्या धाटणीचं, कागद दमट आहे का कोरडा, हे सगळं तुम्ही त्यांना त्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवायचात म्हणे. हुद्दा एक पायरी खाली आला, त्याबद्दल तुम्ही कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. आईनं मात्र कोटाची सगळी बटणं काढून काळ्या दोऱ्यानं पुन्हा लावली. "दिसत नसलं म्हणून काय झालं," म्हणाली.

आणि मग ती तीन वर्षं, दादा, तुम्ही निवृत्त होईपर्यंतची. रोज सकाळी तुम्हाला गोदीत सोडायचं आणि मग कॉलेज, पुढे माझी शिकवण्याची नोकरी. खिदिरपूरचा पूल जहाजासाठी उघडला की रस्ता अडायचा, ट्रक आणि बैलगाड्यांच्या रांगेत आपण उभे. तुम्ही काच खाली करून भोंगा ऐकायचात आणि कुठल्या बाजूनं जहाज येतंय, रिकामं आहे का भरलेलं, ते सांगायचात. किती वेळा बरोबर निघालं देव जाणे, मी तपासत नव्हते. फाटकाशी दरवान मला सलाम ठोकायचा आणि तुमचा हात धरून पायऱ्या चढवायचा. एकदा रविवारी आईला घेऊन आपण बजबजला नदीकाठी गेलो. दशम्या, तिळाची चटणी, दह्याचा गडू. जाताना ती मागच्या सीटवर दोन्ही हातांनी कडी धरून बसली होती, डोळे गच्च मिटून. येताना मोकळा रस्ता लागला तशी मागून म्हणाली, "एवढी का रेंगाळतेस? जरा जोरात घे की." तुम्ही माझ्याकडे वळून भुवया उडवल्यात. त्या दिवशी नदीवर ज्यूट भरलेल्या होड्यांची रांग होती आणि मी तुम्हाला एकेक होडी सांगत होते, शिडाचा रंग, किती माणसं, नावाड्यानं डोक्याला काय बांधलंय. तुम्ही म्हणालात, "हळू सांग, पळून जात नाहीत त्या."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. माझं लग्न याच गावात झालं, तुम्ही शेवटपर्यंत आमच्याजवळच होतात. गाडी मिस्त्रींच्या पुतण्याकडे गेली आणि त्यानं बरीच वर्षं ती चालवली, असं ऐकलं. नातवंडांना मी हे सगळं सांगू शकले असते, पण मी मराठीत बोलते, ती बंगालीत उत्तर देतात, आणि लिहिलेलं तर त्यांना वाचताच येत नाही. म्हणून हे कागद घडी घालून माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवीन. कुणाच्या हाती लागले तरी काही बिघडत नाही.

एकच राहिलं. मला मोटार चालवायला कधीच आवडलं नाही. पुलाचा चढ लागला की गाडी मागं घसरेल अशी रोज मला धास्ती वाटायची, ट्रक शेजारून गेला की तळहात घामानं ओले व्हायचे. तुमच्या शेजारचा तो अर्धा तास सोडवत नव्हता, म्हणून मी चालवत राहिले. तुम्ही गेल्यावर एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही. तुम्ही मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कौतुकानं सांगत असायचात, की आमच्या मुलीला मोटारीचं भारी वेड. मी शेजारी बसून मान डोलवायचे.